मरणाचा कागद आणि पालिकेची खिडकी

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मध्यंतरी मृत्यूच्या भीतीवर एक लेख आला होता. लेखक विद्वान, भाषा गोड, वाचताना मान डोलत होती. शेवटी सल्ला असा, की देहाची, माणसांची, वस्तूंची आसक्ती उतारवयात हळूहळू सोडत जावी, म्हणजे मरण जड जात नाही आणि जगण्याचा अर्थही आपोआप उमगतो. त्यावर वाचकांची पत्रं आली, बहुतेक सगळी ‘डोळे उघडले’ या चालीवरची. माझे काही उघडले नाहीत, म्हणून हे लिहितोय. पत्र लांबलंय याची कल्पना आहे. कात्री लावायची तर खुशाल लावा, फक्त अखेरीस कोणते उपचार नकोत हे आगाऊ लिहून ठेवायच्या कागदाचा आणि पालिकेच्या खिडकीचा भाग ठेवा.

मी उभी हयात विम्याची एजंटकी केली. आता वय ७३. मध्यंतरी प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला, तोही हाडांत उतरलेला. दर तीन महिन्यांनी पोटात एक इंजेक्शन घ्यावं लागतं. त्याने आजार दबून राहतो, पण रात्री-अपरात्री अंगातून वाफा निघाल्यासारखं होतं आणि बनियन चिंब भिजतो. बायकांना पाळी जाताना होतं तसंच हे, असं डॉक्टर म्हणाले. आमच्या हिला तेव्हा किती त्रास व्हायचा हे आता विचारायचं राहिलं, ती नाही. तर सांगायचं हे, की मरणावर मी बोलतो ते दुसऱ्याच्या घरचं नव्हे.

किती वर्षं राहिली हे डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. वयाप्रमाणे हप्त्याचा तक्ता ज्याने जन्मभर लोकांपुढे धरला, त्याला हे आकडे कसे निघतात ते माहीत असतं. अमुक वयाच्या हजार माणसांतली वर्षभरात साधारण किती जाणार, हे त्यामागचा मृत्युदराचा तक्ता सांगतो. त्यातला कोण जाणार, ते सांगत नाही. विम्याचा सगळा धंदा त्या न सांगण्यावर उभा आहे.

लोकांना वाटतं, माणूस मरणाचा विचार टाळतो. मला आलेला अनुभव थोडा वेगळा आहे. समोरच्याला ‘तुम्ही मेलात तर’ असं काही म्हणता येत नाही. ‘उद्या काही बरं-वाईट झालं’ असं म्हणायचं, तेही आवाज उतरवून, आणि नेमका तेव्हाच आतून चहा यायचा. चहा आणणारी माउली म्हणायची, “भाऊ, दिवेलागणीला कसलं अभद्र बोलताय!” नवरा ओशाळून हसायचा. पण सही करायचा. वारसाच्या रकान्यात तिचं नाव घालायचा, तिची जन्मतारीख तिलाच विचारायचा, आणि तिला ती ठाऊक नसायची. “दुष्काळाच्या साली, आषाढात” एवढंच. काहींना टॅक्स वाचवायचा असायचा, काहींना मेव्हण्याच्या ओळखीतल्या एजंटाला टाळायचं असायचं, हे कबूल. तरी ती सही करताना माणूस क्षणभर गप्प व्हायचा. आपण नसलेलं घर तो बघत असायचा, असं मला वाटायचं.

एक उदाहरण सांगतो. मार्केट यार्डात एक हमाल होता, बटाट्याची पोती उतरवायचा. माझ्या मागे लागण्यामुळे म्हणा, त्याने पन्नास हजारांची पॉलिसी काढली. काही वर्षांनी ट्रकमधून पोतं उचलतानाच छातीत कळ येऊन गेला. कागदपत्रं मी करून दिली, दावा मंजूर झाला, चेक घेऊन घरी गेलो. बाईंनी चेक कपाळाला लावला, देवापुढे ठेवला आणि म्हणाल्या, “भाऊ, त्यांनी सही कुठं केली होती, ती बघायला मिळंल का?” मी म्हटलं, ते कागद ऑफिसात असतात. “मग येते ऑफिसात.” दुसऱ्या दिवशी खरंच आल्या, बरोबर धाकटा मुलगा. मी शाखेतल्या बाबूला गळ घालून डॉकेट, म्हणजे त्या पॉलिसीची फाइल, काढायला लावलं. प्रपोजल फॉर्मच्या, म्हणजे विम्याच्या अर्जाच्या, तळाला त्याची सही होती, मोडक्या अक्षरांत, आडनावातली शेवटची वेलांटी चौकटीबाहेर गेलेली. बाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी त्या सहीवरून डावीकडून उजवीकडे बोट फिरवलं, मग मुलाचं बोट धरून फिरवलं. मला विचारलं, “तवा काय म्हणाले?” खरं ते सांगितलं, की हप्ता किती आणि चुकला तर काय, एवढं दोनदा विचारलं. “तसंच होतं त्यांचं,” म्हणाल्या, आणि निघून गेल्या.

आता मला सांगा, या हमालाने आसक्ती सोडली असती तर त्याने ती सही केली असती का? स्वतःच्या मरणाकडे त्याने डोळे उघडून पाहिलं ते बायकोपोरांत जीव अडकला होता म्हणूनच. माझं जन्मभराचं निरीक्षण सांगतो. ज्याला कुणाचीच ओढ नाही, असा माणूस विमा काढत नाही, मृत्युपत्र करत नाही आणि “पुढचं पुढे” म्हणून मोकळा होतो. त्याला विरक्त म्हणायचं तर म्हणा. निस्तरायला मागे बायको नाहीतर भाऊ असतो.

आमचाच एक पॉलिसीधारक, निवृत्त मास्तर, त्याने एक फाइल करून ठेवली होती. वर शाईने लिहिलेलं: ‘मी गेल्यावर’. आत लाइट बिलाचा ग्राहक क्रमांक, गॅसचं पुस्तक, कुणाकडून किती येणं, कुणाला किती देणं, बोअरच्या मोटारीचा मेकॅनिक कोण, आणि शेवटच्या पानावर तेराव्याच्या जेवणाबद्दल सूचना: आचारी नेहमीचा बोलवावा, वांग्याची भाजी करू नये. आयुष्यभर वांगं खाल्लं नाही, मेल्यावर तरी माझ्या नावाने कुणी खाऊ नये, हा त्याचा हट्ट. इतका जिवंत कागद मी दुसरा पाहिला नाही.

आता आमच्या घरचं सांगतो. हिला सात वर्षांपूर्वी मेंदूत रक्तस्राव झाला. ठुशी कुणाला, पाटल्या कुणाला, लोणच्याची बरणी कुणी न्यायची, हे सगळं तिने मुलीला केव्हाच सांगून ठेवलं होतं. यंत्रावर ठेवायचं का, किती दिवस, हे मात्र कधी तिने सांगितलं नाही आणि कुणी विचारलं नाही. विचारणार तरी कसं? कुठल्या घरात जेवताना असा विषय निघतो? दवाखान्याचं नाव मी लिहीत नाही, कारण तिथे कुणी वाईट वागलं नाही. डॉक्टर तरुण होता, दिवसातून दोनदा भेटून समजावून सांगायचा. पण व्हेंटिलेटरची नळी तोंडात, आणि अर्धवट शुद्धीत तिचा उजवा हात, जो तेवढा हलत होता, सारखा त्या नळीकडे जायचा. म्हणून त्यांनी मनगटाला पांढरी पट्टी बांधून हात पलंगाच्या दांडीला अडकवला. नियमच तसा असतो म्हणे, आणि नळी निघाली असती तर ती तेव्हाच गेली असती, हेही मला समजतं. पट्टीखाली बांगड्यांच्या जागी वळ उठले होते. बांगड्या त्यांनी आधीच काढून एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्या हातात दिल्या होत्या.

गळ्याला भोक पाडून नळी घालायची का, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मुलगी म्हणाली पुरे, मुलगा म्हणाला आणखी थोडे दिवस बघू. दोघांचाही जीव आईत. ती तिसऱ्या आठवड्यात गेली. भाऊ-बहीण भाऊबीज करतात, एकमेकांच्या मुलांना कपडे घेतात, पण त्या दिवसांबद्दल दोघं आजही एकमेकांशी बोलत नाहीत.

कट्ट्यावर मी हा विषय काढला की कुणीतरी विनोबांचं नाव घेतंच. १९८२ साली पवनारला त्यांनी औषध, अन्न, पाणी थांबवलं आणि १५ नोव्हेंबरला, ऐन दिवाळीत, देह ठेवला. थोर खरंच. पण विनोबा शुद्धीवर होते, स्वतः ‘नको’ म्हणू शकत होते, आणि अवतीभवती ऐकणारी माणसं होती. तुमची-आमची गत तशी होईल याची खात्री काय? आपलं ‘नको’ सांगायची वेळ येते तेव्हा बहुधा आपल्या तोंडात नळी असते.

याची सोय आता कायद्यात आहे, आणि माझ्या ओळखीतल्या दहांपैकी नऊ जणांना ती माहीत नाही. केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी हल्ला झाला आणि त्यानंतरचं सारं आयुष्य त्या त्याच रुग्णालयात अंथरुणावर होत्या. त्यांना भरवणं थांबवून शांतपणे जाऊ द्यावं, म्हणून केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या मार्चमध्ये फेटाळली, पण जीवरक्षक उपचार थांबवण्याचा प्रश्न पहिल्यांदा नीट तपासला आणि उच्च न्यायालयाच्या परवानगीने तो मार्ग उघडला. केईएमच्या परिचारिकांचा याचिकेला विरोध होता. पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी अरुणाताईंना भरवलं, पुसलं, कुशीवर वळवलं. त्यांच्यापुढे हात जोडावेत. अरुणाताई १८ मे २०१५ रोजी गेल्या. त्यांना स्वतःला काय हवं होतं, हे या साऱ्या काळात कुणालाही विचारता आलं नाही.

पुढे ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्याच घटनापीठाने सांगितलं, की सन्मानाने मरणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे आणि सज्ञान माणसाला शुद्धीवर असताना आगाऊ लिहून ठेवता येईल, की बरं होण्याची आशाच नसेल आणि मला स्वतःला ठरवता येत नसेल, तर केवळ श्वास चालू ठेवणारे उपचार करू नयेत. याला लिव्हिंग विल म्हणतात. तेव्हा त्यावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागायची, म्हणून कुणी त्या वाटेला जात नव्हतं. २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने ते सोपं केलं. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. आपल्या वतीने बोलणाऱ्या एकाहून जास्त माणसांची नावं घालता येतात. मत बदललं तर कागद रद्द करता येतो. वेळ आली की आधी रुग्णालयातल्या तीन डॉक्टरांचं मंडळ बघतं, मग दुसरं तीन जणांचं मंडळ, ज्यात जिल्ह्याकडून नेमलेला डॉक्टर असतो. दोघांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं. इंजेक्शन देऊन मारणं यात कुठेही नाही, ते आपल्याकडे गुन्हाच आहे. कुणी जमिनीसाठी म्हाताऱ्याला संपवेल अशी शंका कट्ट्यावर हमखास निघते. दोन मंडळं आणि सहा डॉक्टर मध्ये आहेत, ते त्यासाठीच.

मी हा कागद केला. मराठीत, स्वतःच्या हाताने. त्यात एक वाक्य असं घातलं: ‘माझे हात बांधू नयेत. नळी काढायला माझा हात गेला, तर ती माझी सही समजावी.’ नोटरी म्हणाले, “काका, हे वाक्य कायद्यात बसत नाही.” मी म्हटलं, नसू दे, राहू द्या. माझ्या वतीने ठरवायला मुलगा आणि मुलगी दोघांची नावं घातली. माझा मित्र म्हणाला, हे तर भांडणाला आमंत्रण. असेलही. पण एकत्र बसून बोलल्याशिवाय त्यांना काही ठरवता येणार नाही, आणि तेवढं तरी मी गेल्याच्या निमित्ताने होईल.

आता पालिका. या कागदाची एक प्रत महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे ठेवायची, त्याने ती सांभाळायची, असं न्यायालयाने म्हटलं आहे. मुंबईचे डॉ. निखिल दातार यांनी यासाठी उच्च न्यायालयात जनहित याचिका केली, त्यानंतर आपल्या राज्यात असे अधिकारी नेमलेही गेले. मी पिशवीत कागद घालून गेलो. कुठल्या पालिकेत ते सांगत नाही, कारण दुसऱ्या पालिकेत वेगळं घडेल असं वाटत नाही. जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीत एक मुलगी बसली होती, चांगली हसतमुख.

“कोण वारलंय, काका?”

“अजून कुणी नाही. माझंच आहे.”

तिने कागद उलटा-सुलटा केला. “म्हणजे तुम्ही जिवंत आहात.”

“सध्या तरी.”

“मग या खिडकीत कसं घेणार? इथे मयताचंच घेतो. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते.” मग तिला माझी दया आली असावी. “आस्थापना विभागात विचारून बघा.”

आस्थापनेत सांगितलं, आरोग्य विभाग. आरोग्य विभागाचे साहेब डेंग्यूच्या फवारणीला गेलेले. तिथल्या शिपायाने कागद वाचला, अगदी शेवटपर्यंत, ओठ हलवत. म्हणाला, “आमच्या म्हातारीला असलं काही करून ठेवता येतं का हो?” त्याला खुर्चीवर बसवून मी सगळं सांगितलं. त्या इमारतीत माझं तेवढंच काम झालं. अखेर आवक-जावकमध्ये शिक्का मारून पोच घेतली. ती प्रत आता कुठल्या कपाटात आहे आणि मी रात्री दोन वाजता अत्यवस्थ झालो तर ती कोण काढणार, हे देव जाणे. म्हणून झेरॉक्स काढून एक फॅमिली डॉक्टरांकडे, एक-एक मुलांकडे, आणि एक फ्रिजवर चुंबकाने लावून ठेवली आहे. कामाला येणाऱ्या मावशी ती पुसून काढतात.

नुसत्या कागदाने दुखणं थांबत नाही, हेही लिहायला हवं. मला विचाराल तर माणसाला मरणाची भीती कमी असते. दुखण्याची, बिलाची आणि एकटं पडण्याची जास्त असते. वांद्र्याचं शांती अवेदना सदन १९८६ पासून आहे, देशातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे बरं न होणाऱ्या रुग्णाला अखेरपर्यंत सांभाळणारं ठिकाण. पुण्यात वारज्याला सिप्ला या औषध कंपनीचं केंद्र १९९७ पासून कॅन्सरच्या रुग्णांना मोफत सांभाळतं, घरचं माणूस सोबत राहू शकतं. माझ्या एका जुन्या पॉलिसीधारकाचे अखेरचे दिवस तिथे गेले. शेवटच्या भेटीत त्याने मला दोन डाव रमीत हरवलं, आणि हिशेब तिथेच चुकता करायला लावला. मॉर्फिन, म्हणजे तीव्र दुखण्यावरचं औषध, मिळणं २०१४ च्या कायद्यातल्या बदलाने सोपं झालं. पण पुण्या-मुंबईबाहेर, तालुक्याच्या गावी, हाडांचं दुखणं रात्री वाढलं तर कुणाचं दार वाजवायचं? माझी ती वेळ अजून आलेली नाही. येईल तेव्हा मला कीर्तन नको, मॉर्फिन हवं. कीर्तन नंतर ठेवा.

हा कागद झाल्यापासून मी विरक्त झालो का? उलट हावरट झालोय. पहाटे घामाने जाग आली की उठून चहा करतो, आलं जरा जास्तच घालतो. आपल्या वृत्तपत्राची वर्गणी तीन वर्षांची एकदम भरली आहे, सवलत होती म्हणून. सकाळी पोस्टाबाहेरच्या बाकावर बसतो. नवरा गेलेल्या बायका येतात, त्यांचे बचत खात्याचे, पेन्शनचे, विम्याच्या दाव्याचे फॉर्म भरून देतो. शाईचा पॅड, कार्बन, दोन पेनं, चष्मा, एवढं सामान. पैसे घेत नाही, चहा घेतो. फॉर्म झाला की हळूच विचारतो, “आणि तुमचं स्वतःचं काय?” बहुतेकजणी हसून पदर सावरतात. मागच्या आठवड्यात एकजण म्हणाली, “माझं कोण विचारतंय?” आणि बाकावर परत बसली. बराच वेळ बोलत होती. तिला यंत्रावर जायचं नाही, पण सून गरोदर आहे, तिचं बाळंतपण होईपर्यंत काही झालं तर मात्र वाट्टेल ते करून जगवायचं, असं तिचं म्हणणं. ते जसंच्या तसं लिहून घेतलं आहे. यावर नोटरी काय म्हणतात बघू.

आता संपादकमहाशय, आपल्याकडे काम. आपल्या पान चारवर रोज निधनवार्ता असतात, शेजारी धरणांतला पाणीसाठा आणि बाजारभाव. त्याच पानावर आठवड्यातून एकदा लहानशी चौकट द्या: आपल्या भागातल्या प्रत्येक पालिकेत आणि पंचायतीत लिव्हिंग विलची प्रत कोण घेतो, त्या अधिकाऱ्याचं पद, कार्यालय, वेळ. पालिकांनी माहिती दिली नाही तर ‘माहिती दिली नाही’ असं नावानिशी छापा. मग ती पुढच्या आठवड्यात येईल. सोबत मराठी मसुदा छापलात तर लोक कापून ठेवतील, पंचांगातलं ग्रहण ठेवतात तसं. चौकटीला जाहिरातीचा दर लागत असेल तर कळवा. पहिल्या महिन्याचे पैसे मी भरतो, पावती मुलीच्या नावाने करा.

आपला,
एक निवृत्त विमा प्रतिनिधी, सातारा जिल्हा

(नाव छापू नये. मुलाला या पत्राचं माहीत नाही, त्याला मी स्वतः सांगणार आहे. तो गणपतीला येतोय.)